कासवमित्राचं मानधन

पुणे

चि. सोनू,


तुझ्या मंडळाच्या ऑनलाइन आवाहनाचा मसुदा वाचला. समुद्राकडे निघालेल्या ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लाचा फोटो सुरेख आहे. खाली ‘500 रुपयांत एक कासव वाचवा’. लोक देतीलही. पण एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. त्यातल्या एका पिल्लाचे पाचशे, हा हिशेब उद्या कुणी मागितला तर काय दाखवशील?

तुमचा खरा खर्च निराळाच आहे. उजाडायच्या आत किनारा पालथा घालणाऱ्या कासवमित्राचं मानधन, अंडी हलवून पुरतात तिथलं जाळीचं कुंपण, बॅटऱ्या, पेट्रोल. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात आणि तोवर कोल्ह्याकुत्र्यांपासून राखण करावीच लागते. मानधनासाठी हात पसरायचा तुला संकोच, म्हणून पिल्लाला पुढे केलंस. सरळ लिही ना: हंगामात कासवमित्र किती, त्यांना महिन्याला द्यायचे किती, आणि त्यासाठी दरमहा 200 रुपये देणारे किती जण हवेत. पिल्लाला भुलून देणारा एकदाच देतो. खर्च समजून देणारा पुढच्या हंगामातही देतो.

देणारेही जवळच शोध. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखायला घेतली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले. तिथे लोकांनी आधी पाहिलं, मग खिशात हात घातला. तुमच्या किनाऱ्यावर येऊन गेलेल्यांचे नंबर कुठे तरी असतीलच, तिथून सुरुवात कर. देणग्यांच्या मोठ्या संकेतस्थळावर तुमच्या शेजारी एखाद्या बाळाच्या ऑपरेशनचं आवाहन असणार. अनोळखी माणसाने ते सोडून कासवाला का द्यावं?

आता थोडं खजिनदारकीचं. देणगीवरच्या करवजावटीची पावती जरूर दे, पण ‘कर वाचवा’ यावर भिस्त ठेवू नकोस. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही. तुझ्या मित्राचे अमेरिकेतले काका पैसे पाठवतो म्हणतात, त्यांना नागरिकत्व विचार. भारतीय नागरिक असतील, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे चालतात. अमेरिकन नागरिक झाले असतील, तर ती परदेशी देणगी. परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना त्यातला रुपयाही घेऊ नकोस. क्यूआर कोड पासपोर्ट विचारत नाही, तो तुलाच विचारावा लागेल.

हंगाम संपला की प्रत्येक देणाऱ्याला एक पान पाठव: घरटी किती, पिल्लं किती गेली समुद्रात, पैसे कशाकशाला लागले. वाया गेलेल्या अंड्यांचा आकडा गाळू नकोस. तो वाचूनच बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसेल.

मसुदा सुधारून धाड. मानधनाची रक्कम त्यात दिसली की माझे दरमहा 200 सुरू.

तुझी,
मावशी