शिक्षणाला निम्मे, लग्नाला सगळे: सुकन्या समृद्धी खात्यास अनावृत पत्र

प्रिय सुकन्या समृद्धी खात्यास,

बार्शीत मी बारावीच्या वर्गाला शिकवते. निकाल लागला की पुढच्या प्रवेशाचं विचारायला मुलींच्या आया येतात. पिशवीतून गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला निघतो आणि हल्ली त्यांच्यासोबत तुझं पोस्टाचं पासबुकही निघतं. "मॅडम, यातनं किती मिळतील?" हा प्रश्न ठरलेला. त्याचं खरं उत्तर देताना मला दरवेळी वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

22 जानेवारी 2015 रोजी हरियाणात, पानिपतला मुलींसाठीची बचत योजना म्हणून तुझी सुरुवात झाली. जागा विचारपूर्वकच निवडली असणार. 2011 च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 834 मुली होत्या. आपण महाराष्ट्रातल्यांनीही फार मान वर करावी असं नाही. राज्यात हा आकडा 894 होता आणि बीड जिल्ह्यात 807. मुलगी म्हणजे खर्च, ही समजूत मोडायची तर तिच्या नावावर काहीतरी साठत असलेलं घरच्यांना दिसलं पाहिजे. ते काम तू केलंस, आणि त्याबद्दल मी तुझी मनापासून आभारी आहे.

तुझा हिशेब मी आयांना कागदावर मांडून दाखवते. मुलगी जन्मली त्याच वर्षी खातं उघडलं आणि महिन्याला हजार रुपये भरले, तर पंधरा वर्षांत भरणा होतो 1 लाख 80 हजारांचा. त्यापुढे काही भरायचं नाही, नुसतं थांबायचं. आजचा 8.2 टक्के दर टिकला तर एकविसाव्या वर्षी साडेपाच लाखांच्या आसपास हातात येतात, तेही करमुक्त. पैसे पाच तारखेच्या आत भरा, हे मी दोनदा सांगते, कारण त्यानंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

पण माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक आयांनी खातं मुलीच्या जन्माला उघडलेलं नसतं, कारण तेव्हा तू नव्हतासच. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना, अगदी तुझ्या पहिल्या वर्षी, त्यांनी नाव नोंदवलं. त्या मुली आता अठरा ओलांडत आहेत, म्हणजे तू खरोखर कामाला येतोस का हे आत्ता कळणार आहे.

आमच्या गल्लीतल्या एका शिलाई करणाऱ्या बाईंचंच घे. 2015 मध्ये त्यांची मोठी मुलगी आठ वर्षांची होती. भिशीतले हजार त्यांनी तुझ्याकडे वळवले. व्याज 9.2 वरून घसरत 7.6 पर्यंत आलं, तरी त्यांनी भरणं सोडलं नाही. कोरोनाच्या वर्षी मशीन बंद राहिलं, तेव्हा अडीचशे रुपये भरून खातं चालू ठेवलं. 2018 मध्ये तू वर्षाची किमान रक्कम हजारावरून अडीचशेवर आणली होतीस, ती अशा घरांना किती उपयोगी पडली हे मी पाहिलं आहे. आज त्या खात्यात एक लाख साठ हजारांच्या घरात रक्कम आहे. मुलीला पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली आहे.

आता तुझा नियम बघ. शिक्षणासाठी मागच्या मार्चअखेरच्या शिलकीच्या निम्मीच रक्कम मिळणार, आणि तीही प्रवेशपत्रावर किंवा फीच्या पावतीवर लिहिलेल्या आकड्यापुरती. उरलेली निम्मी 2036 पर्यंत अडकून राहणार. तेव्हा ती मुलगी एकोणतीस वर्षांची असेल. मात्र त्याच मुलीचं लग्न ठरलं, तर वय अठराच्या वर असल्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, की लग्नाच्या महिनाभर आधीपासून तीन महिन्यांनंतरपर्यंत केव्हाही खातं बंद करून सगळी रक्कम मोकळी! मुलीला शिकवण्यासाठी निघालेल्या तुझ्या दारात मंडप शाळेच्या पुढे जाऊन बसला आहे. घरातली आजी हा नियम बरोबर ओळखते. "लग्नालाच राहू द्या, सगळे मिळतील," असं ती म्हणते, आणि तिला खोडून काढायला माझ्याकडे तुझ्या नियमांतलं एकही कलम नसतं.

दुसरी गोष्ट फीच्या पावतीची. 2024-25 पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. फार चांगला निर्णय. पण त्यामुळे पावतीवरचा आकडा लहान झाला, आणि तुझ्याकडून मागता येणारी रक्कमही त्याबरोबर लहान झाली. खोलीचं डिपॉझिट, मेस, बस, लॅपटॉप हे सगळं पावतीबाहेर राहतं. बार्शीची मुलगी पुण्याला जाऊ शकत नाही ती हल्ली बहुतेक वेळा याच खर्चामुळे. स्वतःच्या नावावर लाख-दीड लाख असताना तिच्या आईने मेसच्या पैशांसाठी कानातलं गहाण ठेवावं, हे मला पटत नाही.

माझं मागणं थोडक्यात आहे. अठरा पूर्ण झालेली, पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतलेली मुलगी मागेल तेवढी रक्कम तिला मिळावी, हवी तर वर्षावर्षाच्या हप्त्यांनी. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहण्याचा खर्चही शिक्षणातच धरावा. अठरानंतर खात्यावर सही तिचीच चालते, हे तूच ठरवलं आहेस. मग पैसे कशाला लावायचे हेही तिच्यावर सोड. लग्नाचं कलम तर मला नकोच आहे. ते ठेवणारच असशील, तर शिक्षणाला निदान तेवढी तरी मुभा दे.

तू बदलेपर्यंत मी आयांना एक जोड सांगते. खातं बंद करू नका, भरत राहा. पण मुलगी आठवीत गेली की पोस्टातच पाच वर्षांची आरडी काढा. शंभर रुपयांपासून ती निघते आणि बारावीच्या निकालाच्या सुमारास मुदत संपते. महिन्याला पाचशे भरले तर 6.7 टक्क्यांनी पस्तीस हजारांहून थोडे अधिक होतात, आणि ते कशाला हवेत असं कुणी विचारत नाही. शिलाईवाल्या बाईंची धाकटी यंदा आठवीत गेली. तिच्या नावाने त्यांनी जूनमध्येच आरडी काढली. तुझाही हप्ता चालूच आहे.

तुझी,
बारावीच्या मुलींची एक शिक्षिका