माशीला भुलणारा मासा

मासे खाणे हा आमच्या घराण्याचा पिढीजात छंद. मासे पकडणे मात्र नव्हे. आमचा मासा कोळणीच्या पाटीतून यायचा आणि तिच्याशी घासाघीस करणे एवढीच काय ती आमची मृगया. म्हणून गेल्या मे महिन्यात आयर्लंडला मुलाकडे गेलो असता, "बाबा, रविवारी गरवायला येता का?" असे त्याने विचारले, तेव्हा मी चकितच झालो. त्याची आई गेल्यापासून आम्हा बापलेकांत 'जेवलात का' आणि 'थंडी आहे का' यापलीकडे बोलणे उरले नव्हते. दिवसभर एका नावेत बसून बोलायचे काय, ही धास्ती मला पाण्याच्या धास्तीहून मोठी वाटली.

गॉलवे शहराच्या उत्तरेला लॉख कॉरिब हे सरोवर पसरले आहे. 'लॉख' म्हणजे सरोवरच. विस्तार सुमारे १७५ चौरस किलोमीटर. आयर्लंडच्या प्रजासत्ताकात याहून मोठे सरोवर नाही. त्यात ३६५ बेटे आहेत, असे तिकडचे लोक अभिमानाने सांगतात. आपल्या तेहतीस कोटी देवांप्रमाणे तीही मोजायची नसतात!

इथला तपकिरी ट्राऊट हा अस्सल रानचा मासा. ओढ्यांत जन्मतो आणि सरोवरात येऊन वाढतो. तळाशी चुनखडी असल्यामुळे पाणी सकस, किडामुंगीही भरपूर. त्यांत मानाची म्हणजे मेफ्लाय नावाची माशी. ती सुमारे दोन वर्षे तळाच्या चिखलात अळीच्या रूपाने काढते. मे महिन्यात वर येते, पंख पसरते, अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत मरते. पंख फुटल्यावर ती काही खात नाही. खायला वेळच नसतो बिचारीला. एरवी खोलात राहणारा ट्राऊट या मेजवानीसाठी वर येतो आणि त्याच्यामागे माणसे येतात.

आमचा नावाडी साठीचा, अबोल गृहस्थ. त्याने इंजिन बंद केले, नाव वाऱ्याला आडवी धरली आणि वारा नेईल तिकडे जाऊ दिली. मुलगा पिसांच्या आणि रेशमाच्या बनावट माशा लाटांवर फेकू लागला. माझ्या हाती मात्र नावाड्याने पंधरा फुटी काठी दिली. तिला हलका रेशमी दोर आणि गळाला खऱ्या माशा. फेकायचे काही नाही. दोर वाऱ्यावर सोडायचा, माशी पाण्यावर नाचवायची. अशा माशा गोळा करून विकणे हा पूर्वी तिकडच्या पोरांचा खाऊच्या पैशांचा मार्ग होता म्हणे.

"मासा दिसला की ओढू नका," नावाडी म्हणाला. "त्याला माशी घेऊन खाली वळू द्या. मग काठी उचला."

हे थांबणे फार कठीण. तासभर काहीच झाले नाही. मग मुलगा पाण्याकडे पाहतच म्हणाला, "आई असती तर आधी मसाला वाटून ठेवला असता." माझ्या ओठांवर दहा वाक्ये आली. मी ती गिळली. थोड्या वेळाने तोच पुढे बोलू लागला. शेवटच्या आजारात वेळेवर पोचता आले नाही, ही सल त्याने चार वर्षे उराशी धरली होती, हे मला त्या नावेत कळले. "ती तुझी वाट पाहत नव्हती रे," मी म्हणालो. "तू कामावर जेवलास का, एवढेच विचारत होती." तो हसला, आणि डोळे पुसण्यासाठी त्याला वाऱ्याचे निमित्त पुरले.

नेमक्या त्याच वेळी पाणी फुटले. मी थांबलो, मग काठी उचलली. काळ्या-तांबड्या ठिपक्यांचा, सोनेरी पोटाचा मासा! नावाड्याने तो मोजपट्टीवर धरला: बारा इंच. इथे तेरा इंचांखालचा ट्राऊट ठेवायचा नाही आणि दिवसाला चारांहून अधिक न्यायचे नाहीत, असा नियम. त्याने मासा अलगद पाण्यात सोडला. माझ्यातला मत्स्याहारी कळवळला.

परतताना नावाड्याला कंठ फुटला. १९८८ साली सरकारने ट्राऊट धरण्यासाठी परवाना लादला, तेव्हा या काठच्या लोकांनी नावा पाण्यात घालणेच सोडले. नावाड्यांची आणि खाणावळींची रोजी बुडाली, तरी १९९० साली सरकार नमेपर्यंत ते हटले नाहीत. आजही या ट्राऊटसाठी परवाना लागत नाही. "सरोवर आमचं आहे," तो म्हणाला, "म्हणून तर छोटा मासा परत सोडतो." २००७ पासून परका झेब्रा शिंपला इथे शिरला आहे, हे सांगताना त्याचा स्वर घरात चोर शिरल्यासारखा झाला.

रात्री साडेनऊला अजून उजेड होता आणि मेलेल्या माशा पाण्यावर तरंगत होत्या.

३० सप्टेंबरला तिथला मोसम संपला. आता तो १५ फेब्रुवारीला सुरू होईल. तोवर मुलगा संध्याकाळी पिसांच्या माशा बांधत बसतो आणि बांधता बांधता मला फोन करतो. आधी वाऱ्यापावसाची बातमी देतो. मी थांबतो. मग बाकीचे तो सावकाश सांगतो.