टाइपचा रकाना

पुष्पकचं इंजिन हातानं पंखा ओढून सुरू करावं लागे. एकजण आत ब्रेक धरून बसायचा, दुसरा बाहेरून पंख्याचं पातं जोरात खाली ओढायचा आणि त्याच झटक्यात मागं सरकायचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, फ्लाइंग क्लबात शिकणाऱ्या आम्हा पोरांना हे काम फार मानाचं वाटे. नव्वद अश्वशक्तीचं इंजिन, सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड, शेजारीशेजारी दोन खुर्च्या. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं हे विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडवलं आणि पुढं देशभरच्या क्लबांना पुरवलं. माझ्या वयाच्या कितीतरी वैमानिकांच्या लॉगबुकाचं पहिलं पान याच नावानं सुरू होतं.

लॉगबुकात तारीख लिहायची, मग विमानाचा टाइप, नोंदणीची अक्षरं, कुठून कुठं, सोबत कोण, दिवसाचे तास, रात्रीचे तास. निवृत्त होऊन यवतमाळला परतल्यापासून लोकांना यातल्या एकाच रकान्यात रस असल्याचं मला कळलं. "काका, तुमी कितीक जातीचे इमानं उडवले?" चहाच्या टपरीवर हा प्रश्न हमखास येतो. मी नावं सांगतो, आकडा सांगत नाही. ऐकणाऱ्याला ते विनय वाटतं. खरं कारण वेगळं आहे. हा आकडा काय सांगतो, याबद्दल मलाच शंका आहे.

आकड्यांचे राजे जगात होऊन गेले. ब्रिटिश नौदलाचे चाचणी वैमानिक एरिक ब्राउन यांनी ४८७ प्रकारची विमानं उडवली. तो विक्रम कोणी मोडेल असं वाटत नाही, कारण आता तितकी वेगवेगळी विमानं कोणी बनवतच नाही. आपल्याकडे एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर यांच्या नावावर साठाहून अधिक प्रकार होते. मुंबईत जन्मलेला हा माणूस १९७६ ते १९७८ हवाई दलप्रमुख होता, तेव्हा मी नुकताच उडायला शिकत होतो आणि हा आकडा ऐकून माझे डोळे विस्फारले होते. पण चाचणी वैमानिकाची गोष्ट निराळी. यंत्राच्या खोडी शोधणं हाच त्याचा धंदा, आणि खोडी कागदावर उतरल्या की तो दुसऱ्या यंत्राकडे वळतो. आम्हा बाकीच्यांना एकेका विमानासोबत वर्षानुवर्षं नांदावं लागतं. त्यात हाताला आणि पायाला ज्या सवयी लागतात, त्या पुढच्या विमानात आपल्यासोबत न विचारता चढतात.

पुष्पकला शेपटीखाली चाक होतं. असं विमान जमिनीवर धावताना सतत गर्रकन फिरू पाहतं, कारण त्याचं वजन मुख्य चाकांच्या मागं असतं. म्हणून दोन्ही पाय रडरवर अखंड चालू ठेवावे लागतात. डावा थोडा, उजवा थोडा, पुन्हा डावा. उतरल्यावर "झालं" असं वाटलं की नेमकं तेव्हाच ते वळतं. आमचे शिक्षक म्हणत, विमान हँगरात दोरीनं बांधेपर्यंत उड्डाण संपत नाही. ते पायांना इतकं पाठ झालं की पुढं कित्येक वर्षांनी, जिथं त्याची काही गरज नव्हती अशा जेटमध्येही माझे पाय धावपट्टीवर नाचत असत आणि शेजारचा सहवैमानिक खाली बघून हसे.

पहिली नोकरी मिळाली ती फवारणीच्या विमानावर. मोठी कंपनी नव्हे, मोठा पगारही नव्हे. पण तास मिळत होते आणि तासांशिवाय पुढचं दार उघडत नव्हतं. तेव्हा कपाशीवर विमानानं औषध मारलं जाई. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं त्यासाठी 'बसंत' नावाचं खास विमान बनवलं होतं. एकच खुर्ची, चारशे अश्वशक्तीचं इंजिन, आणि इंजिन व वैमानिक यांच्या मधोमध औषधाची टाकी. टाकी पुढं ठेवण्यात शहाणपण होतं. विमान आपटलं तर ते ओझं मागून अंगावर येऊ नये. वैमानिकाची बैठक उंच, म्हणजे नाकावरून खालचं वावर दिसावं.

मी उडवलेल्या विमानांत विचित्र म्हणावं असं हेच. भरल्या टाकीनं उठताना ते जडशीळ असे. यवतमाळचा भाग समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. त्यात भादव्याचं ऊन पडलं की हवा विरळ होते, पंख्याला ती नीट पकडता येत नाही आणि पंखांनाही. माळावरच्या मुरमाच्या पट्टीचं शेवटचं टोक जवळ येई, तरी चाकं जमीन सोडायला तयार नसत. आणि पाचसात मिनिटांत टाकी रिकामी झाली की तेच विमान उड्या मारू लागे. मघाशी जितकं ओढावं लागलं तितकंच आता ओढलं तर नाक भलतीकडे. लॉगबुकात त्याची नोंद एकच, पण प्रत्येक फेरीत मी दोन विमानं उडवत होतो. टाइपच्या रकान्यावरचा माझा विश्वास तिथंच पहिल्यांदा डळमळला.

काम पहाटे, वारा उठायच्या आत. पऱ्हाटीच्या शेंड्यांवरून दोनतीन मीटरवरून सरळ जायचं, धुऱ्याशी आलं की नळ बंद, वर चढायचं, आधी थोडं उलट्या बाजूला आणि मग पूर्ण वळून परत त्याच रांगेला समांतर. धुऱ्यावर दोन टोकांना दोन माणसं झेंडे घेऊन उभी असत. एक पट्टा झाला की ती ठरलेली पावलं बाजूला सरकत. मला वरून त्यांचे झेंडेच दिसत. तोंडावर गमछा बांधलेला, अंग भिजलेलं, हे मला न्याहारीला त्यांच्याशेजारी बसल्यावर दिसायचं. औषधाचा वास आम्हा सगळ्यांच्या भाकरीला येई. मी मात्र काचेमागं बसलेला असे.

नजर सतत तारा शोधत असायची. खांब दिसतो, तार दिसत नाही. म्हणून खांबावरून तारेचा अंदाज घ्यायचा. ही सवय अजून जात नाही. दारव्ह्याच्या रस्त्यानं एसटीत बसलो तरी शेतातले खांब मोजत जातो आणि कुठल्या वावरात कुठल्या बाजूनं शिरता आलं असतं ते मनात ठरवतो. चाळीस हजार फुटांच्या जवळ उडणाऱ्या विमानांनी मला असलं काही दिलं नाही.

त्यानंतर डॉर्निअर २२८. वायुदूत या सरकारी विमान कंपनीच्या काळातलं, एकोणीस प्रवाशांचं, कानपूरला बनणारं. जमिनीवर त्याची इंजिनं अशी कर्कश ओरडत की बाहेर उभ्या माणसाला कान झाकावे लागत. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, म्हणून फार उंच जाता येत नसे; मे महिन्यात विदर्भावरून जाताना खालून उसळणारी गरम हवा प्रवाशांच्या पोटातलं सगळं ढवळून काढायची. प्रवासी शिव्या देत आणि उतरताना हात जोडत. मला ते विमान आवडायचं. त्याबद्दल सांगण्यासारखं मात्र फारसं नाही. काही विमानं अशी असतात. सज्जन, कामसू, आठवणीत जागा न मागणारी.

१९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली आणि मी बोइंग ७३७-२०० वर गेलो. इथं पहिल्यांदा घोळ झाला तो डोळ्यांचा. विमान उतरवताना जमीन किती खाली आहे हे वैमानिक आकड्यांवरून नव्हे, तर दिसण्यावरून ठरवतो. पुष्पकमध्ये धावपट्टीवरचं गवत हाताला लागेल इतक्या खाली बसायचो. इथं पहिल्या मजल्याच्या खिडकीतून बघत होतो, आणि चाकं आपल्या बरीच मागं. नाक उचलायची वेळ नव्यानं शिकावी लागली. थ्रॉटल पुढं सारल्यावर इंजिन लगेच जागं होत नाही, ताकद यायला काही सेकंद लागतात, हेही. गुडघ्याजवळ ट्रिमचं मोठं काळं चाक होतं, ते खडखड करत फिरलं की न बघता कळे, यंत्र काहीतरी करतंय. बोइंग बोलकं होतं.

एअरबस ए-३२० अबोल. समोर चाक नाही, बाजूला एक छोटी दांडी. मी ती हलवली तर शेजारच्याची हलत नाही, म्हणजे दुसरा काय करतोय हे हाताला समजत नाही. थ्रस्ट लीव्हर एका खाचेत ठेवले की तिथंच राहतात. इंजिनाची ताकद संगणक कमीजास्त करतो आणि लीव्हर जागचे हलत नाहीत. बोइंगमध्ये तळहाताखाली जे कळत होतं ते इथं पडद्यावर वाचावं लागतं. हैदराबादच्या सिम्युलेटरमध्ये मला सगळ्यात जड गेलं ते हेच. नवी बटणं चार दिवसांत पाठ होतात. तळहाताची जुनी अपेक्षा जायला महिने लागतात.

आम्ही शिकायला गेलो तेव्हा त्या खोलीत न बोललेली एक तारीख असायची. १४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं अगदी नवं ए-३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळलं; १४६ पैकी ९२ माणसं गेली. सरकारनं ती सगळी विमानं काही महिने जमिनीवर ठेवली. उतरताना यंत्रणा अशा अवस्थेत होती की संगणकानं इंजिनं किमान ताकदीवर धरून ठेवली आणि वेग घटत गेला. ध्यानात आलं तेव्हा इंजिनाला ताकद पकडायला लागणारे सेकंद हाताशी उरले नव्हते. दोन्ही वैमानिकांचे एकूण तास हजारांत होते, ए-३२० वरचे मोजके. लोक त्यातून "संगणकावर भरवसा ठेवू नये" असा धडा काढतात. मला तो पटत नाही. त्या विमानानं पुढं जगभर किती माणसं सुखरूप नेली हे मी आतून पाहिलंय. माझ्या मते प्रश्न एवढाच, की जुन्या विमानाचे हजारो तास नव्या विमानात मोजायचे कसे. बेरीज करून चालत नाही. कधीकधी ते वजा करावे लागतात.

हे टपरीवर सांगायला गेलो तेव्हा एका वयस्कर शेतकऱ्यानं सरळ विचारलं, "म्हंजे नवी बैलजोडी आनली का जुन्या जोडीचा कासरा इसरा लागते, असंच ना?" मी म्हटलं, असंच.

नागपूरशी घरचं नातं असलेले कॅप्टन दीपक साठे यांचं नाव निघालं की इथली माणसं हळहळतात. हवाई दलात एकट्यानं बसायचं मिग-२१, मग हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक, मग एअर इंडियाचं ए-३१०, शेवटी एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७. ७ ऑगस्ट २०२० रोजी भर पावसात कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर ते, त्यांचे सहवैमानिक आणि अनेक प्रवासी गेले. "एवढा अनुभव असून?" असं तेव्हा मला किती जणांनी विचारलं. कारणं चौकशी अहवालात आहेत. मला टोचतो तो त्या प्रश्नातला समज, की विमानांची यादी लांबली की माणूस अपघाताच्या पलीकडे जातो. ती यादी कुठल्याही धावपट्टीला माहीत नसते.

यवतमाळजवळ भारीला जवाहरलाल दर्डा विमानतळ आहे. २००९ मध्ये राज्यातल्या आणखी काही छोट्या विमानतळांसोबत तो खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्यावर दिला गेला. तेव्हा पेपरात रंगीत चित्रं आली होती. ठरल्या वेळी प्रवासी घेऊन येणारं विमान इथल्या माणसानं अजून आपल्या गावात उतरताना पाहिलेलं नाही. नेते येतात, त्यांची छोटी जेट आणि हेलिकॉप्टर येतात. मी उडवलेल्या मोठ्या विमानांपैकी एकही माझ्या जिल्ह्यात मला उतरवता आलं नाही. इथं माझी चाकं लागली ती मुरमाच्या पट्टीवर, बसंतची.

आणि कपाशीवरची फवारणी पुन्हा माणसांच्या पाठीवर आली. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. पंपाचा फवारा थेट तोंडावर परत येत होता. मी तेव्हा दिल्लीहून ए-३२० उडवत होतो. हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर यवतमाळचं नाव ऐकलं, आणि धुऱ्यावर झेंडा धरून पट्ट्यापट्ट्यानं सरकणारी ती दोन माणसं पहिल्यांदा इतक्या जवळून दिसली.

आता शेतात ड्रोन आले आहेत. दहा लिटरची टाकी, चारसहा पंखे, आणि वैमानिक धुऱ्यावर छत्री लावून उभा. झेंडेवाला नको, कारण पट्टे उपग्रहाच्या साहाय्यानं आखले जातात. केंद्र सरकारच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत बचत गटांच्या बायकांना हे शिकवतात. मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या वावरात अशीच एक मुलगी फवारत होती. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. टाकी रिकामी होत आली तसं ड्रोन हलकं होऊन वर उचललं जाईल असं मला वाटत होतं. त्याचा संगणक ते आपोआप सावरत होता. ती म्हणाली, "काका, तारा तेवढ्या पाहा लागते. बाकी समदं मशीनच करते." तारांचं ऐकून मला तिच्याबद्दल एकदम आदर वाटला.

तिच्याकडून नियम समजून घेतले. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार वजनाप्रमाणे वर्ग पडतात. तिचं ड्रोन 'स्मॉल' वर्गात, म्हणजे दोन ते पंचवीस किलोंमध्ये बसतं. प्रमाणपत्र त्या वर्गापुरतंच मिळतं. म्हणजे टाइपचा रकाना इथंही आहेच. मी घरी येऊन अर्ज भरायला बसलो. शिक्षणाची अट दहावी पास, ती मी पूर्ण करतो. वयाची अट अठरा ते पासष्ट.