विलायती बी-२७५

तर झालं असं, की शनिवारी सकाळी मी खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालत होतो (इथल्या सरकारी इमारतींत दोरी कमी, बांबू फार) आणि कराडहून धाकट्या भावाचा फोन आला.

"दादा, आबांचा ट्रॅक्टर घ्यायला पुण्याचा एक हौशी माणूस आलाय. विलायती असेल तर चांगला भाव देतो म्हणतोय, देशी असेल तर भंगारापेक्षा थोडा वर. तू इंजिनियर ना, सांग."

आमचा ट्रॅक्टर म्हणजे लाल इंटरनॅशनल बी-२७५. आजोबांनी घेतला आणि "थेट इंग्लंडची बोट" हे वाक्य घरात देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपलं गेलं. शाळेत मीही ते मिरवलंय.

मी राहतो त्या चोआ चू कांगच्या नावातच शेती आहे. एकोणिसाव्या शतकात चिनी कुळं इथे नदीकाठी मिरी आणि गँबियरचे मळे लावत. चोआ हे कुळाचं आडनाव, कांग म्हणजे नदी. आता मळ्यांच्या जागी आम्ही राहतो आणि शेत बघायचं तर क्रांजीकडे जावं लागतं. अशा ठिकाणी बसून मी चार रात्री ट्रॅक्टरची कुंडली मांडली.

बी म्हणजे ब्रिटन. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही मूळची अमेरिकन कंपनी. तिने १९५४ साली ब्रॅडफर्डचा जोवेट मोटारींचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथे छोटे ट्रॅक्टर सुरू केले. आधी बी-२५०, मग १९५८ मध्ये बी-२७५. चार सिलिंडर, १४४ घन इंचांचं डिझेल इंजिन, ३५ अश्वशक्ती. ब्रिटनमध्ये हे मॉडेल १९६८ पर्यंत चाललं.

इथे मी आबांना फोन केला. "ट्रॅक्टर कधी आला?"

"दुष्काळाच्या आदल्या साली."

म्हणजे १९७१. तोवर विलायतेत बी-२७५ बंद होऊन तीन वर्षं झाली होती! माझ्या पोटात गोळाच आला. तरी वाटलं, जुना असेल, फिरत फिरत आला असेल. भावाला म्हटलं, पाटी शोध, पण खबरदार, पॉलिश पेपर लावू नकोस. त्याने रॉकेलच्या बोळ्याने रंगाचे तीन थर उतरवले आणि फोटो पाठवला. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया, बॉम्बे.

ही कंपनी १९६३ ची. महिंद्र, हार्वेस्टर आणि व्होल्टास (होय, एसीवालीच) यांची भागीदारी, कारखाना कांदिवलीला. १९७७ मध्ये ती महिंद्रमध्ये विलीन झाली आणि हे नाव गेलं. म्हणजे पाटीवरचं नावच ट्रॅक्टरचं वय बांधून देतं. आबांचं साल बरोबर, आजोबांची बोट चूक. आमचा विलायती पाहुणा पश्चिम रेल्वेवरचा निघाला.

दोन दिवस मी फोन टाळला. ८३ वर्षांच्या माणसाला हे कसं सांगायचं? शेवटी सांगितलं. पलीकडे शांतता. मग आबा म्हणाले, "मला म्हाईत हाय की. आणायला मीच गेलतो."

"मग बोट?"

"तवा पैसे भरून नंबर लावावा लागायचा. पैशापायी तुझ्या आजीची बोरमाळ मोडली. मुंबैचा म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, एवढ्यासाठी मोडली व्हय. म्हणून तुझा आज्जा बोट म्हणाला. ती हुती तवर कुणी खोडलं न्हाई."

आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली. आबा तरीही बोटच सांगत होते.

पुण्याच्या माणसाला भावाने पाटीचा फोटो पाठवलाय. त्याने आकडा खाली आणला. भाऊ विचारतोय, काय करू. मी म्हटलं, आधी आबांना विचार. आबा म्हणतात, डिझेल टाकून बघ, चालू होतोय का ते.