अजून शिकतेच आहे?

आमच्या मोहल्ल्यात डॉक्टर म्हटलं की दवाखाना आलाच. त्यामुळे माझी एक माजी विद्यार्थिनी सूक्ष्मजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्रात पीएचडी करते म्हणजे नेमकं काय, हे तिच्या अम्मीला नातेवाइकांना सांगता येत नाही. चौथं वर्ष चालू आहे. "अजून शिकतेच आहे? लग्नाचं काय?" हे प्रश्न मात्र दर ईदला येतात.

तिचा विषय क्षयरोगाचा जंतू. आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी जंतूंना गिळून पचवतात. हा जंतू मात्र गिळला गेल्यावरही त्याच पेशीत जिवंत राहतो आणि वाढतो. पहारेकऱ्याच्या घरातच चोराने बिऱ्हाड करावं, तसं. हे त्याला कसं जमतं, यातला एक छोटा धागा ती शोधते आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा भारतात आहे. आपल्या दाट वस्त्यांना हा आजार काही परका नाही.

मग इतकी वर्षं का? ई. कोलाय हा जंतू पोषक वातावरणात वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला सुमारे वीस तास लागतात. बशीत त्याची वाढ डोळ्यांना दिसायलाच तीन-चार आठवडे जातात. मध्येच बुरशी शिरली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. 37 अंशांवर वाढवलेल्या पेशींचं खाद्य वेळेवर बदलावं लागतं. त्यांना रविवार कळत नाही, ईदही कळत नाही.

उर्दू माध्यमात ती जंतूंना 'जरासीम' म्हणायची. माझ्या मराठीच्या तासाला तिला 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द भेटला. अकरावीत सगळं विज्ञान एकदम इंग्रजीत आलं. या चढणीवर आपली कितीतरी मुलं गळतात. त्यांची बुद्धी कमी नसते, शब्द कमी पडतात.

1897 मध्ये मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरलेले असताना तरुण तिसऱ्या आगाखानांनी ती सर्वांसमोर टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले. भरवसा असा आपल्या माणसाकडून येतो. उद्या एखाद्या लशीबद्दल अफवा उठली, तर विचारायला आपल्यातली एक मुलगी असेल.

आणि ती नुसती शिकत नाही. नेट-जेआरएफ मिळवलेल्यांना 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात, पुढच्या टप्प्यावर 42,000.

लग्न जरूर करा. फक्त स्थळाला आधीच सांगा, की प्रबंध पूर्ण व्हायचा आहे आणि मुलगी रविवारीही लॅबमध्ये जाते. ज्या घराला हे चालेल, तेच स्थळ चांगलं.