मधला कोरा नमुना

त्या संध्याकाळी औषधाची पातळी मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर लावायचे प्लाझ्माचे दोनच नमुने उरले होते. एक, मेथोट्रेक्सेट सुरू होऊन २४ तास झालेल्या मुलाचा. दुसरा, ७२ तास झालेल्या मुलीचा. दोघांनाही रक्ताचा कर्करोग. या औषधाचा मोठा डोस दिला की मागोमाग ल्युकोव्होरिन द्यावंच लागतं, नाहीतर चांगल्या पेशीही मरतात. आमच्याकडे पातळी लिटरला ०.१ मायक्रोमोलच्या खाली उतरली की ते बंद करून घरी सोडत. सगळं त्या एका आकड्यावर.

जास्त पातळीच्या नमुन्यामागे कमी पातळीचा लावायचा नाही, लावलाच तर मध्ये कोरा प्लाझ्मा चालवायचा, हे मला तोंडपाठ होतं. त्याला लागतात बारा मिनिटं. मला ७:१० ची लोकल गाठायची होती. मी कोरा नमुना लावला नाही.

मुलाचं उत्तर आलं ८०. मुलीचं ०.१३. ग्राफवरचा पीक अगदी ठरल्या वेळेला, सरळ, नीटस. मी सही केली.

सकाळी वॉर्डातल्या डॉक्टरांचा फोन आला. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे हो, किडनी ठीक आहे, मग औषध अडकलंय कुठे?" पोटात गोळा आला. फ्रीजमध्ये अंधारात ठेवलेला मुलीचा नमुना पुन्हा लावला: ०.०५. मग मुलाचा लावला आणि त्यामागे कोरा प्लाझ्मा. ज्यात औषधाचा थेंबही नव्हता, त्यात ०.०८ चा पीक उभा राहिला. इंजेक्टरमध्ये हजारातला एक भाग मागे राहत होता, आणि ८० चा हजारावा भाग म्हणजे तेवढंच.

तरी मी लगेच फोन केला नाही. जादा ल्युकोव्होरिनने बिघडलं काय, आकडा उलट चुकला असता तर, असं स्वतःला समजावत अर्धा तास घालवला. ही चूक मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. त्या अर्ध्या तासातही तिच्या हाताला सलाईन चालूच होतं.

डॉक्टरांना सांगून मी स्वतः वॉर्डात गेले. मुलगी झोपली होती, हाताची शीर सुजलेली. वडिलांनी रात्रीच अकोल्याची तिकिटं रद्द केली होती. आईला सगळं सांगितलं.

"म्हणजे मॅडम, रात्रीचं औषध नको होतं?"

"नको होतं, ताई. चूक माझी."

त्या काही बोलल्या नाहीत. उशाखालची पिशवी ओढून मुलीचे कपडे भरू लागल्या. मी खाली येऊन तीन महिन्यांचं रजिस्टर उघडलं आणि प्रत्येक कमी आकड्याच्या आधी कोणाचा नमुना लावला होता, ते पहिल्या पानापासून तपासायला बसले.