चाकावरची काटकसर

काटकसर हा आमच्यासारख्या घरांचा कुलधर्मच म्हणावा लागेल. कोणतीही वस्तु घ्यावयाची झाली कीं घरांतील वडीलधारी माणसें दोन प्रश्न विचारतात: ती केवढ्यास पडेल, आणि किती वर्षें टिकेल? हंडा, सतरंजी, कपाट, छत्री यांच्या बाबतींत हे दोन प्रश्न पुरेसे असतात. पण गेल्या मे महिन्यांत मोटारीच्या टायरांवरून आमच्या ओटीवर जो वाद झाला, त्यांत हे दोन्ही प्रश्न अपुरे ठरले. त्या वादांतून मला जें उमगलें तें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें. कारण वेगवान आणि महाग मोटारी आतां परभणीसारख्या गांवींही दिसूं लागल्या आहेत, आणि त्यांच्या मागोमाग हा प्रश्नही घरोघर येणार आहे.

माझा एक पुतण्या ठाण्यास नोकरीला असतो. त्यानें दोन वर्षांपूर्वीं जर्मन बनावटीची, मोठ्या शक्तीची एक मोटार विकत घेतली. अर्थात् नवी नव्हे, वापरलेली. वापरलेली असल्यामुळें ती त्याच्या आटोक्यांत आली. परंतु मोटार स्वस्तांत मिळाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहींत. चारही टायर बदलण्याची वेळ आली तेव्हां, पूर्वीच्याच जातीचे टायर घ्यावयाचे तर एकेकास पंचवीस हजार रुपये पडतील असें त्याला कळलें. दुकानदारानें आणखी दोन मार्ग सुचविले. एक, त्याच मापाचा पण फारसें नांव नसलेल्या कारखान्याचा टायर अकरा हजारांत. दुसरा, नामांकित कारखान्याचा, पण कठीण रबराचा आणि पुष्कळ अंतर चालणारा टायर अठरा हजारांत. पुतण्या सुटीला घरीं आला, तो हा पेंच बरोबर घेऊनच.

आमच्या दादांचा कौल पहिल्या पांच मिनिटांतच पडला. "अरे, ऐंशी हजार किलोमीटर चालणारा टायर मिळत असतां तीस हजारांत झिजणारा कोण शहाणा घेईल? आणि तुझी मोटार ताशीं अडीचशें धांवत असेल, पण समृद्धी महामार्गावरसुद्धां एकशेंवीसच्या पुढें जायची परवानगी नाहीं. मग अडीचशेंचा टायर हवा कशाला?"

हा युक्तिवाद वरवर पाहतां बिनतोड आहे. पुतण्या घुटमळत म्हणाला, "मोठे काका, प्रश्न पळण्याचा नाहीं, थांबण्याचा आहे." त्याला पुढें नीट सांगतां आलें नाहीं, पण त्याच्या बोलण्यांत सारें मर्म होतें असें मला वाटतें.

आपल्याकडील जुन्या बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव बसविलेली असे. लोहार ती विस्तवांत लाल करी, चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. निवतांना ती आंवळून बसे आणि मग वर्षानुवर्षें हालत नसे. टिकाऊपणाच पाहावयाचा तर धांवेसारखा टायर जगांत दुसरा नाहीं. पण बैलगाडीला ती चालली, कारण गाडी ओढण्याचें आणि आवरण्याचें काम बैलांचे खूर करीत. चाकाला फक्त फिरावयाचें होतें. मोटारीला बैल नाहींत. तिला पुढें ढकलणें, वळविणें आणि थांबविणें हीं तिन्ही कामें टायरच करतो. डनलॉपनें १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें तें सायकलीसाठीं, धक्के कमी बसावेत म्हणून; पण मोटारीच्या युगांत त्याच्यावर केवढी जबाबदारी येऊन पडली!

त्या जबाबदारीचें माप पाहिलें म्हणजे मन थोडें दचकतें. प्रत्येक टायरचा जो भाग एका वेळीं रस्त्याला टेकलेला असतो तो सुमारें तळहाताएवढाच. सतरा-अठराशें किलो वजनाची मोटार चार तळहातांवर उभी असते. वेग दीडपट झाला कीं ती थांबवितांना जिरवावी लागणारी शक्ति सव्वादोनपट होते. म्हणजे ताशीं ८० च्या ऐवजीं १२० नें जाणाऱ्या मोटारीचे ब्रेक कितीही उत्तम असले, तरी ते चाकाला धरतात, रस्त्याला नव्हे. रस्त्याला धरणारें रबरच. इंजिन, ब्रेक, यंत्रांतील सारी हुशारी यांसाठीं मोजलेले लाखों रुपये शेवटीं या चार तळहातांतून खर्ची पडतात. तेथें हात आंखडला तर बाकीचा पैसा पेटींत बंद राहिल्यासारखा आहे. म्हणून दादांच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, वेगवान मोटारीचा टायर अडीचशेंच्या वेगासाठीं घ्यावयाचा नसतो. एकशेंवीसवर असतां समोर अचानक म्हैस आली तर काय होईल, यासाठीं घ्यावयाचा असतो.

आतां टिकणें आणि धरणें यांचें वैर कां असावें? रस्त्याचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. मऊ रबर त्या खडबडींत शिरून तिला बिलगतें. बिलगतें म्हणूनच झिजतें. कठीण रबर वरच्यावर राहतें, म्हणून टिकतें. अमेरिकेंत टायरच्या बाजूवर झिजेचा आंकडा छापण्याची पद्धत आहे. टेक्सासमधील ठराविक रस्त्यांवर मोटारी चालवून, एका प्रमाण टायरला १०० गुण धरून, हा आंकडा काढतात. वेगवान मोटारींच्या टायरांवर बहुधा दोनशें-तीनशें, तर दीर्घायुषी टायरांवर पांचशें-सातशेंपर्यंत आंकडे दिसतात. आंकडा मोठा म्हणजे टायर चांगला, असा समज सहज होतो. पण तो आंकडा केवळ आयुष्याचा आहे.

हें मी समजावून देत होतों तेव्हां वहिनी मध्येंच म्हणाल्या, "यांत एवढें कोडें काय आहे? गुळगुळीत झालेलें जातें शंभर वर्षें टिकेल; पण त्यांतून पीठ पडतें का? टांकी लावली कीं दगड झिजतो खरा, पण दळण तेव्हांच होतें." वहिनींचें माहेर गंगाखेडचें, संत जनाबाईंच्या गांवचें, जात्याचा दाखला त्यांनाच सुचावा हें साहजिक होतें. दादा यावर कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनीं पानाचा डबा जवळ ओढला.

तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. हें वैर पूर्वीइतकें कट्टर राहिलेलें नाहीं. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत मिशेलिनसारख्या कारखान्यांनीं रबरांत काजळीच्या जोडीला सिलिका घालण्याची विद्या पुढें आणली, आणि ओल्या रस्त्यावरची पकड, इंधनाची बचत व टिकाऊपणा यांचा मेळ पुष्कळ सुधारला. पण ही विद्या स्वस्त नाहीं. मिश्रण, आंतील धाग्यांचे थर, तपासणी यांवर जो खर्च होतो तो डोळ्यांना दिसत नाहीं. दोन्ही टायर सारखेच काळे आणि गोल. स्वस्त टायर बेकायदेशीर असतो असें नव्हे. आपल्या सरकारनेंही २०२२ सालीं ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान मर्यादा ठरविली आहे. पण किमान मर्यादा गांठणें निराळें, आणि जड व वेगवान मोटारीला पुरून उरणें निराळें. म्हणून नामांकित कारखान्याचा दीर्घायुषी टायर आणि अनोळखी कारखान्याचा स्वस्त टायर यांना एका माळेंत ओंवणें बरोबर नाहीं. पहिल्यांत थोडी पकड देऊन आयुष्य घेतलेलें असतें. दुसऱ्यांत पुष्कळदां दोन्ही कमी असतात.

मग त्या दीर्घायुष्याचा तरी हिशेब पाहूं. पुतण्या कचेरींत लोकलनें जातो. मोटार वर्षाला फार तर सहा हजार किलोमीटर चालते. दादांचा ऐंशी हजारांचा टायर झिजावयाला तेरा वर्षें लागतील. चार टायरांचे बहात्तर हजार तेरा वर्षांवर वांटले तर वर्षाला साडेपांच हजार. दादांना हाच आंकडा भुलवीत होता. परंतु रबर चालण्यानें जसें झिजतें तसें उन्हानें, उष्णतेनें आणि हवेंतील प्राणवायूनें नुसतें उभें असतांही म्हातारें होतें. आमच्या परभणीचा पारा मे महिन्यांत ४२ अंशांच्या वर जातो. पांच वर्षांनंतर दर वर्षीं तपासणी आणि दहा वर्षांनंतर बदल, असा सल्ला मोठे कारखाने देतात. आमच्या उन्हांत सात वर्षें मीं पुष्कळ धरलीं. तेव्हां खरा खर्च वर्षाला दहा हजारांवर गेला. मऊ टायर पांच वर्षांत झिजेल. त्याचा खर्च वर्षाला वीस हजार. फरक आहेच, पण दादा समजत होते तेवढा नाहीं. टिकाऊपणाचा अर्धा भाग पैसे मोजूनही पदरांत पडत नाहीं. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. घेतांना ते वाचल्याशिवाय दुकान सोडूं नये.

येथवर मी मऊ टायरची बाजू घेतली. आतां तिच्याविरुद्धही सांगितलें पाहिजे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो ५ जून २०२५ रोजीं शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. त्याच्या पहिल्या कांहीं महिन्यांतच टायर फुटून झालेल्या अपघातांनीं लोक हादरले, आणि २०२३ सालीं परिवहन खात्यानें टायर तपासून गुळगुळीत टायरांच्या गाड्या अडविण्यास आरंभ केला. हवा कमी असली कीं टायरच्या बाजू सारख्या दबतात, तापतात, आणि लांबच्या सरळ पल्ल्यांत एखाद्या क्षणीं टायर दगा देतो. महाग टायर घेणारा पुष्कळदां असें करतो कीं, किंमत वसूल व्हावी म्हणून तो पार गोटा होईपर्यंत वापरतो. कायद्यानें मोटारीच्या टायरच्या खांचा १.६ मिलिमीटरहून उथळ असूं नयेत. पण पावसांत त्याच्या बऱ्याच आधींपासून टायर पाण्यावर तरंगूं लागतो. अशा झिजलेल्या उत्तम टायरपेक्षां नवा, साधा टायर शतपटीनें बरा.

शिवाय जालन्याजवळ समृद्धी सोडून जिंतुराकडून परभणीस यावयाचें म्हणजे काळ्या मातीच्या मुलुखांतून यावें लागतें. ही माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. शर्यतीच्या थाटाच्या बुटक्या टायरांना येथें खड्ड्यांत फुगे येतात, तबकड्या वांकतात. म्हणून मोटारीबरोबरची पुस्तिका काढून पाहिली. तिच्यांत एक इंच लहान तबकडी आणि उंच बाजूचा टायर हेंही माप कारखान्यानें मान्य केलेलें निघालें. पुतण्यानें अखेर त्या मापाचे, नामांकित कारखान्याचे, ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ख्याति असलेले, मध्यम आयुष्याचे टायर घेतले. भाराचा आंकडा आणि वेगाचें अक्षर मात्र पुस्तिकेंत सांगितल्याहून कमी होऊं दिलें नाहीं. वापरलेल्या तबकड्यांसह खर्च लाखाच्या आंतच राहिला. पांच वर्षांनीं पुन्हा तेवढेच पैसे लागतील, म्हणून दरमहा हजार-पंधराशें बाजूला ठेवण्याचें त्यानें दादांपुढें कबूल केलें.

किंमत आणि टिकाऊपणा यांच्या आधीं, ही वस्तु कोणत्या कामासाठीं आहे, हा तिसरा प्रश्न विचारला तर टायरचा निकाल फारसा अवघड नाहीं. आणि ज्याला असे टायर वेळेवर टाकून देणें परवडत नसेल, त्यानें टायरांत नव्हे तर मोटारींत काटकसर करावी. लहान मोटार घ्यावी, आणि तिला चांगले टायर घालावेत. मुलेंबाळें घेऊन मुंबई-परभणी करणाऱ्या घराला त्यांत कमीपणा वाटण्याचें कांहीं कारण नाहीं.